हिवाळ्यातला कुंदा

नागपूरची रामदासपेठ तुमच्यापैकी कित्येकांनी पाहिली असेल. कोणी दवाखान्याच्या कामाने आले असाल, कोणी नातलगाला भेटायला. आज त्या पेठेत दवाखाने आहेत, उंच इमारती आहेत, मोटारींची गर्दी आहे. पूर्वी तिथे बैठे बंगले होते. बंगल्याभोवती आवार असे. आवारात आंबा, पेरू आणि कुंपणाला लागून फुलझाडे असत. असे काही बंगले अजून उरले आहेत.

अशाच एका आवारात आम्ही पुष्कळ वर्षे भाड्याने राहिलो. तिथे विहिरीपाशी एक झुडूप होते. वर्षभर त्याच्याकडे कोणी ढुंकून बघत नसे. पण पौषात थंडी अंगाला झोंबू लागली, की ते झुडूप पांढरे होऊन जाई. सकाळी विहिरीवर गेले की मंद वास येई. तो कुंदा होता.

घरमालकांची आई, आम्ही सारे त्यांना आजी म्हणत असू, त्यांनी तो लावला होता. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा माहेरच्या कुंद्याची फांदी बरोबर घेऊन आल्या होत्या. त्या कुंद्याने आम्हाला जे शिकवले ते या धड्यात सांगतो. त्यात आमच्या चुकाही आहेत. त्या लपवीत नाही, कारण त्याच चुका बहुतेक जण करतात.

आधी नावाचे बघू. कुंद किंवा कुंदा हे नाव संस्कृतातून आले. मराठीत 'कुंद हवा' असेही म्हणतात. म्हणजे ढगाळ, उदास हवा. त्या कुंदचा आणि या कुंदाचा संबंध नाही. फुलाचा कुंद उदास मुळीच नव्हे. सुंदर दातांना कुंदकळ्या म्हणतात, ते याच कळ्यांवरून. अमरकोश नावाचा संस्कृत शब्दांचा जुना कोश आहे. त्यात कुंदाला 'माघ्य' असे नाव दिले आहे. माघ्य म्हणजे माघ महिन्यातला. एवढ्या जुन्या काळीही लोकांनी हे ध्यानात ठेवले होते, की हे झाड माघाचे.

माघ शुद्ध चतुर्थीला तिलकुंद चतुर्थी म्हणतात. तीळ आणि कुंद यांवरून हे नाव पडले. त्या दिवशी गणपतीला कुंदाची फुले वाहतात. नागपुरात रेल्वे स्टेशनाजवळ टेकडीचा गणपती आहे. रामदासपेठेतून तो लांब नाही. आजी दरवर्षी त्या दिवशी ओंजळभर फुले केळीच्या पानात बांधून तिकडे जात. दुसऱ्या दिवशी वसंतपंचमी. सरस्वतीच्या रंगाला कुंदफुलाची उपमा देतात, म्हणून त्या दिवशी घरातल्या मुलांच्या पाट्यांवर एकेक फूल ठेवीत.

आता झाड ओळखायचे कसे ते पाहा. कुंदा मोगऱ्याच्या कुळातला. या कुळात जगभर सुमारे 200 जाती आहेत. आपल्याकडे मोगरा, जाई, जुई आणि कुंदा या चार सर्वांच्या ओळखीच्या. मोगरा उन्हाळ्याचा. जाई-जुई पावसाळ्याच्या. कुंदा हिवाळ्याचा. चारही लावले तर बाराही महिने देवाला फुलांची चणचण पडत नाही.

पण हिवाळा येईपर्यंत थांबायचे नसेल तर पाने बघावी. जाईच्या एका देठावर पाच-सात लहान पाने असतात. जुईला तीन असतात. त्यातले मधले मोठे आणि बाजूची दोन अगदी बारीक. मोगऱ्याचे पान एकेकटे, गुळगुळीत. कुंद्याचेही पान एकेकटेच, पण त्याच्यावर बारीक लव असते. बोट फिरवा, मऊ लागते. कोवळ्या फांदीवरही तशीच लव असते. फुलाला मोगऱ्यापेक्षा अरुंद, टोकदार पाकळ्या असतात. मोजल्या तर सात ते नऊ भरतात. चांदणीसारखे दिसते. फुले एकटी येत नाहीत, आखूड फांद्यांच्या टोकाला झुबक्याने येतात.

काही जण तगरीलाच कुंदा समजतात. तगरीचे पान तोडले की पांढरा चीक येतो. कुंद्याला चीक नाही. एवढी खूण पुरे.

आता एक गोष्ट नीट ऐका. सर्व कुंद्यांना सारखा वास नसतो. काही झाडांना चांगला मंद वास असतो, काहींना नावापुरता. कुंदा बियांपासून लावीत नाहीत, फांदीपासून लावतात. फांदीचे झाड आईसारखेच होते. आईला वास नसेल तर लेकीला कुठून येणार? खत घालून वास आणता येत नाही. म्हणून फांदी मागायला जायचे ते झाड फुलावर असताना जावे. सकाळी जावे. फूल हुंगावे. वास पटला तर झाडाला खुणेची चिंधी बांधून यावे. फांदी मात्र त्या वेळी आणू नये.

ती का आणू नये, ते आमच्या फजितीवरून कळेल.

एका पौषात काटोलकडच्या एक बाई नवऱ्याला घेऊन पेठेतल्या एका दवाखान्यात आल्या होत्या. नवरा आत, या बाहेर. सकाळी पाणी मागायला आवारात आल्या. पाणी प्यायल्या आणि कुंद्यापाशी उभ्याच राहिल्या. मग म्हणाल्या, "गुरुजी, याची एक फांदी देता काय जी? आमच्या माहेरी होतं हे झाड. आता नाही राहिलं."

आमचे मन विरघळले. आम्ही चांगली हातभर लांब, फुलांनी लदलेली फांदी तोडून दिली. ओल्या फडक्यात गुंडाळून दिली. बाई खूश होऊन गेल्या.

आषाढात नवऱ्याची तपासणी होती, तेव्हा त्या परत आल्या. म्हणाल्या, "म्या लावलं होतं गुरुजी, पाणीबी घातलं. आठ दिसांत वाळून गेलं. माह्या हातालेच गुण नाही."

आजी पायरीवर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "हात तुझा चांगलाच आहे गं. यांनी फांदी दिली तीच चुकीची. पौषात कोणी फांदी लावतं का?"

आम्ही शाळेचे मुख्याध्यापक. चाळीस वर्षे मुलांना शिकवले. पण त्या दिवशी खाली मान घालून ऐकून घेतले.

फुलावर असलेली फांदी सारी ताकद फुलात घालते. तिला मुळे फोडायला जोर उरत नाही. शिवाय थंडीत मुळे फुटायला वेळ लागतो, आणि पाठोपाठ ऊन तापू लागते. म्हणून कुंद्याची लागवड पावसाळ्यात करावी. मृग बरसून जमीन भिजली, की तिथून ऑगस्टपर्यंत.

फांदी लावायची तर अशी. मागच्या वर्षीची, पेन्सिलीएवढी जाड फांदी घ्यावी. अगदी कोवळी नको, फार जून नको. वीतभर लांबीचे तुकडे करावे. प्रत्येक तुकड्यावर तीन-चार डोळे असावे. डोळा म्हणजे पान फुटते ती गाठ. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली, तिरपा द्यावा. वरची दोन पाने ठेवून बाकीची काढावी. ठेवलेली पानेही अर्धी कापावी, म्हणजे ती पाणी कमी पितात. अर्धी रेती, अर्धी माती व थोडे कुजलेले शेणखत मिसळून पिशवीत भरावे. पिशवीला खाली भोके पाडावी. दोन डोळे मातीत जातील असा तुकडा खोचावा. पिशव्या सावलीत ठेवाव्या. माती ओलसर राहावी, चिखल होऊ नये. एकच तुकडा लावून वाट बघत बसू नका. दहा लावा. सगळे जगत नाहीत. चार-पाच महिन्यांत मुळे भरतात. पण आमच्याकडचे ऊन पाहता रोप पिशवीतच पुढल्या पावसाळ्यापर्यंत सांभाळावे, असे आम्हाला वाटते.

याहून खात्रीची रीत म्हणजे दाब. त्या दिवशी आजींनी काटोलच्या बाईंच्या समोरच दाब लावून दाखवला. झाडाच्या बुडाशी जमिनीलगत लोंबणारी एक फांदी त्यांनी निवडली. शेंड्यापासून दीड फुटावर, एका डोळ्याच्या खालच्या बाजूची साल चाकूने इंचभर खरवडली. तिथे जमिनीत चार बोटे खोल खड्डा केला. फांदी वाकवून खरवडलेला भाग खड्ड्यात बसवला. बेचकीची काडी उलटी ठोकून फांदी पक्की केली. वर माती लोटली आणि वर एक दगड ठेवला. दगडाखाली ओल टिकते. शेंडा बाहेर राहिला, त्याला काडीचा आधार दिला.

झाले. यात शहाणपण एवढेच, की फांदी आईपासून तोडलेली नाही. मुळे फुटेपर्यंत आईच तिला पाजते.

तीन-चार महिन्यांनी दगड बाजूला करून हळूच बघावे. मुळे दिसली तर आईकडचा भाग आधी अर्धा कापावा. पंधरा दिवस जाऊ द्यावे. मग पूर्ण तोडून मातीच्या गोळ्यासकट रोप उचलावे. दिवाळी झाल्यावर त्या बाई पुन्हा तपासणीला आल्या, तेव्हा त्यांचे रोप तयार होते. आम्ही त्यांच्या गावचा पत्ता वहीत लिहून घेतला, आणि आमचा त्यांना लिहून दिला. त्यांना तेव्हा वाचता येत नव्हते. कागद त्यांनी पदराच्या गाठीत बांधला.

आता जमिनीचे. विदर्भात काळी माती. ती पाणी धरून ठेवते. कुंद्याला ओल आवडते, पण पाय पाण्यात बुडालेले आवडत नाहीत. म्हणून दीड फूट लांब, दीड फूट रुंद व तेवढाच खोल खड्डा घ्यावा. तळाशी मुरूम किंवा विटांचे तुकडे चार बोटे टाकावे. वर काळी माती, रेती आणि दोन घमेली कुजलेले शेणखत मिसळून भरावे. ताजे शेण घालू नये. ते खड्ड्यात तापते, मुळे भाजतात, वाळवीही लागते. दोन झाडांत पाच-सहा फूट अंतर असावे. जागा अशी हवी, की निदान अर्धा दिवस ऊन लागेल. झाडाखाली सावलीत कुंदा जगतो, पण फुलत नाही.

न्हाणीचे पाणी जाते तिथे लावला तर वेगळे पाणी घालायला नको. मात्र कपड्यांच्या सोड्याचे पाणी त्याला नको.

पाणी उन्हाळ्यात मोठ्या झाडाला चौथ्या दिवशी, नव्या रोपाला दिवसाआड. आमच्या नागपुरात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या वर जातो. पहिल्या उन्हाळ्यात रोपावर पऱ्हाट्यांची किंवा तुराट्यांची सावली करावी आणि आळ्यात पालापाचोळा पसरावा. पावसाळ्यात पाणी घालायचे कारण नाही. पाऊस गेल्यावर आठवड्यातून एकदा. कळ्या दिसू लागल्या की पाचव्या-सहाव्या दिवशी. कळ्यांच्या वेळी माती सुकली तर कळ्या गळतात. थंडीला कुंदा भीत नाही. पण 2018 च्या डिसेंबरात नागपूरचा पारा 3.5 अंशांपर्यंत उतरला होता. तशी कडाक्याची रात्र आली तर नव्या रोपाला गोणपाट पांघरावे.

खत वर्षातून दोनदा. एकदा छाटणी झाल्यावर आणि एकदा पावसाच्या तोंडी. दर वेळी दोन घमेली शेणखत, मूठ-दोन मूठ निंबोळी पेंड. एवढे पुरते. कपाशीला आणलेला युरिया उरला म्हणून कुंद्याला टाकणारे लोक आम्ही पाहिले आहेत. झाड हिरवेगार होते, पानेच पाने येतात आणि माघात फुले मोजून दहा.

आता छाटणी. या धड्यातला हा मुख्य भाग. तुमचा कुंदा जिवंत आहे, हिरवा आहे, पण फुलत नाही, अशी तक्रार असेल तर शंभरातल्या बहुतेक वेळी कारण इथे सापडते.

एका दिवाळीला आम्ही आवार साफ करायचे मनावर घेतले. रंग दिला, गवत काढले. कुंदा फार पसरला होता, रानटी दिसत होता. आम्ही एका माणसाला सांगितले, "याची जरा नीट हजामत कर." त्याने कात्री घेऊन झाड गोल कापले. दिसायला सुबक झाले. येणारे-जाणारे वाहवा करीत.

पौष आला. कळी नाही. माघ आला, तरी नाही. तिलकुंद चतुर्थीला आजी सीताबर्डीच्या बाजारात गेल्या आणि फुले विकत घेऊन आल्या. स्वतःच्या दारात झाड असताना. त्या आम्हाला एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरे झाले असते.

असे का झाले? कुंद्याचे फूल फांदीच्या टोकाला येते. त्या फांद्या पावसाळ्यात वाढतात. पावसाळ्याच्या शेवटी पक्क्या होतात. हिवाळ्यात त्यांच्या आखूड बाजूफांद्यांवर कळ्या धरतात. दिवाळीला आपण शेंडे कापतो, म्हणजे फुले यायची जागाच कापतो. मग नवीन फूट येते, पण ती पक्की व्हायच्या आत हिवाळा संपतो. शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. तूर फुलायच्या बेताला आली असता कोणी तिचे शेंडे कापील काय?

म्हणून छाटणी फुले संपल्याबरोबर करावी. फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्चच्या मध्यापर्यंत. वाळलेल्या, रोगट, आत गुंतलेल्या फांद्या बुडातून काढाव्या. बाकीच्या दोन-अडीच फुटांवर कापाव्या. गुडघ्याच्या वर, कमरेच्या खाली, असे माप धरा. कात्री धारदार हवी. विळ्याने ओढून फांदी चिरडू नये. नंतर खत, पाणी. जून-जुलैत लांब धुमारे निघतात, त्यांचे शेंडे बोटांनी खुडावे. एका धुमाऱ्याच्या चार फांद्या होतात, आणि फांद्या वाढल्या की फुले वाढतात. पण पोळा झाला, की कात्री खुंटीला लावावी. ती पुन्हा उतरवायची ती फुले संपल्यावर.

पोळा म्हटले ते लक्षात राहावे म्हणून. पण झाड तिथी पाहत नाही. हेही समजून घेऊ. तिलकुंद चतुर्थी 2024 साली 13 फेब्रुवारीला आली. 2025 साली 1 फेब्रुवारीला आली. 2026 साली 22 जानेवारीला आली. तीच तिथी, पण तीन आठवड्यांचा फरक. आपले महिने चंद्रावर चालतात. ते दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतात आणि अधिक महिना आला की पुन्हा पुढे जातात. झाड चालते सूर्यावर, ऊन-थंडीवर. म्हणून छाटणीची तारीख इंग्रजी महिन्याने धरलेली बरी.

आणि ती लिहून ठेवावी. आम्ही त्या फजितीनंतर एक वही केली. वरती 'कुंदा' असे लिहिले. खाली तारखा. छाटणी अमुक तारखेला. पहिली कळी अमुक तारखेला. शेवटचे फूल अमुक तारखेला. तीन वर्षांच्या ओळी झाल्या की आपल्याच अंगणातला कुंदा केव्हा काय करतो ते आपल्याला पाठ होते. दुसऱ्याच्या पुस्तकापेक्षा ती वही खरी, कारण कुणाची जमीन हलकी, कुणाची भारी. कुणाकडे विहीर, कुणाकडे नाही. तुम्हाला आता लिहिता येते. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखेपुढे 'छाटणी' एवढा एक शब्द लिहिला तरी चालेल.

रोग-किडी फार नाहीत. कोवळ्या शेंड्यांवर मावा येतो. उन्हाळ्यात पानांखाली लाल कोळी होतो, पाने धुरकट दिसू लागतात. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने दोन्ही कमी होतात. कळ्या पोखरणारी अळी असेल तर जाळे धरलेल्या कळ्या हाताने काढून जाळाव्या. निंबोळीचा अर्क घरी करता येतो. 50 ग्रॅम निंबोळीचा गर कुटून एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवावा. सकाळी फडक्याने गाळावा. चिमूटभर साबणाचा चुरा घालून संध्याकाळी फवारावा.

काळ्या, चुनखडीच्या जमिनीत आणखी एक दिसते. नवी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लोक म्हणतात पाणी कमी पडले, आणि आणखी पाणी घालतात. हे पाण्याचे नव्हे, लोहाचे दुखणे. बाजारात हिराकस मिळते. एका लिटर पाण्यात 5 ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा विरघळवून पानांवर फवारावे. पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा. अंगावर चांगले धोतर असताना फवारू नका. डाग जात नाहीत.

नागपुरात महाराजबागेला लागून कृषी महाविद्यालय आहे. ते 1906 साली सुरू झाले. महाराजबाग ही मूळची भोसल्यांची बाग. शहरात आलात आणि झाडाची काही अडचण असेल तर रोगट पान कागदात घालून बरोबर आणावे आणि जाणत्या माणसाला दाखवावे. नुसते तोंडी सांगून कळत नाही.

सापाचा प्रश्न गावोगाव विचारतात. "वासाच्या झाडाला साप येतो म्हणे?" साप फुलाच्या वासाला येत नाही. तो उंदीर-बेडकांच्या मागे येतो, आणि गार, दाट जागा शोधतो. झुडूप जमिनीला टेकलेले असेल, खाली पाला साचला असेल, तर तिथे उंदीर राहील आणि मागोमाग साप. म्हणून जमिनीपासून फूटभर उंचीपर्यंतच्या फांद्या काढून खालची जागा झाडून ठेवावी. दाब लावायला एक फांदी ठेवली तर तेवढीच ठेवावी. आणि अंधारात फुले तोडायला हात घालू नये.

फुले पहाटे उजाडल्यावर, दव असताना तोडावी. ओल्या फडक्यात दिवसभर टिकतात. शहराजवळ गाव असेल तर चार-सहा झाडांवर पौष-माघात थोडी मिळकत होते. चतुर्थीच्या आदल्या दिवशी भाव चढतो. पण कुंदा नाजूक, दूर धाडायचे फूल नव्हे. कुंद्यावर संसार चालेल असे आम्ही कोणाला सांगणार नाही.

आता राहिलेली हकिगत. आजी गेल्या. पुढे दोन वर्षांनी मुलांनी बंगला विकला. तिथे मजल्यांची इमारत व्हायची होती. आम्ही त्याच पेठेत दुसऱ्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायला गेलो. कुंदा न्यावा असे फार वाटले. पण जागा सोडायची वेळ आली ती मे महिन्यात. आम्ही दोन माणसे लावून सब्बलीने कुंदा खणून काढला. इतक्या वर्षांची मुळे. ती तुटली. इमारतीच्या कोपऱ्यात लावला, सावली केली, रोज पाणी घातले. मृग यायच्या आधीच तो वाळला. एक वर्ष आधी एक दाब लावून ठेवला असता तर? घर विकणार हे आम्हाला ठाऊक होते. तरी लावला नाही. रोज डोळ्यांपुढे असलेले झाड जाईल असे माणसाला वाटतच नाही.

मग आमच्या मंडळींना आठवण झाली. त्यांनी जुनी वही काढली. त्यात काटोलकडचा पत्ता होता. आम्ही पत्र टाकले. इतक्या वर्षांत पत्ता तरी तोच असेल की नाही, कोण जाणे.

पंधरा दिवसांनी पोस्टकार्ड आले. अक्षर मोठे, ओळी वर-खाली गेलेल्या. लिहिले होते:

"गुरुजींना नमस्कार. कुंदा आहे. लय मोठा झाला. आमचे मालक बरे आहेत. मी वर्गात जाते. हे पत्र मीच लिहिलं. आज दाब लावला. दोन लावले. दिवाळी झाली की या. आजीले नमस्कार सांगा."

आजी गेल्याचे त्यांना ठाऊक नव्हते. ते आम्ही दिवाळीनंतर जाऊन सांगितले. बाई पदर डोळ्याला लावून थोडा वेळ बसल्या. मग उठून दगड बाजूला केला, माती उकरली. दोन्ही दाबांना पांढरी मुळे सुटली होती. पंधरा दिवसांपूर्वीच त्यांनी आईकडचा भाग अर्धा कापून ठेवला होता. एक रोप आम्ही आणले. दुसरे त्यांनी शेजारणीला दिले.

आमचे रोप इमारतीच्या आवारात, जुना वाळला त्याच कोपऱ्यात लावले आहे. पहिल्या हिवाळ्यात फूल आले नाही. दुसऱ्या हिवाळ्यात अकरा आली. तिसऱ्या वर्षी आम्ही मोजणे सोडून दिले. वहीत शेवटची ओळ अशी आहे: छाटणी, 3 मार्च. तळाशी दोन फांद्या दाबासाठी ठेवल्या.